‘तू यावंस’ हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पुढं डिप्लोमा केला. सध्या बेळगावात उद्यमबागेतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघते. आमचं एक मोठं गिऱ्हाईक मेक्सिकोत आहे. तिकडची माणसं आपसात स्पॅनिशमध्ये लिहितात आणि बऱ्याचदा तेच मेल आमच्याकडे पुढं पाठवतात. म्हणून वर्षापूर्वी ऑनलाइन क्लास लावला. सगळं बरं चाललं होतं. आता ‘सुबहुंतीबो’ नावाचं क्रियापदाचं रूप आलंय आणि मी पार अडकलेय. सर म्हणाले, इंग्रजीत हे जवळजवळ उरलेलं नाही, त्यामुळे ते कुठल्या शब्दांपुढं येतं त्याची यादी पाठ करण्याशिवाय इलाज नाही, आणि मराठी मीडियमच्या मुलांना तर जास्तच जड जाईल. मी यादी पाठ केली. तरी गिऱ्हाइकासाठी लिहिलेली तीन वाक्यं तिन्ही चुकली. ती सोबत पाठवते. भाऊ म्हणतो, मराठीतनं विचार करायचं सोडून दे, त्याशिवाय जमणार नाही. पुढं बी-एकची, म्हणजे मधल्या पातळीची, स्पॅनिशची परीक्षा द्यायची इच्छा होती. आता वाटतं, क्लास सोडावा का?

– खानापूरची एक वाचक

उत्तर:

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं शेवटचं वाक्य परत एकदा वाच. ‘क्लास सोडावा का?’ असं तू लिहिलंयस. ‘सोडते’ नाही, ‘सोडला’ नाही, ‘सोडेन’ही नाही. ‘सोडावा’. क्लास अजून सुटलेला नाही, सुटेल की नाही कुणाला ठाऊक नाही, गोष्ट नुसती मनात घोळते आहे. घडलेल्या गोष्टीला एक रूप आणि मनातल्या गोष्टीला दुसरं, हा भेद मराठीनं तुला कधीचाच शिकवून ठेवला आहे. सुबहुंतीबो म्हणजे हाच भेद. स्पॅनिशनं तो थोड्या वेगळ्या ठिकाणी आखला आहे एवढंच.

मराठी शाळेत शिकल्याचं तू जरा ओशाळून लिहिलंयस, त्याचं मला वाईट वाटलं. त्याच शाळेत तू क्रियापदाचे ‘अर्थ’ शिकलीस: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘मुलगी येते’ हा स्वार्थ, ‘मुलीनं यावं’ हा विध्यर्थ. स्पॅनिश व्याकरण ज्याला ‘इंदिकातीबो’ म्हणतं तो आपला स्वार्थ. सुबहुंतीबोच्या पोटात आपला विध्यर्थ आणि आज्ञार्थातला आशीर्वादाचा भाग असे दोन्ही बसतात. तुझे सर म्हणतात ते इंग्रजीपुरतं बरंचसं खरं आहे, तिथं हे रूप काही ठरावीक प्रयोगांतच उरलंय. पण तुला इंग्रजीवरून जायची गरजच काय? खानापूरहून बेळगावला यायचं तर कुणी आधी हुबळी गाठत नाही.

पुढची स्पॅनिश वाक्यं मी देवनागरीत, मेक्सिकोत कानाला ऐकू येतात तशी लिहिते. वहीत मात्र तू ती त्यांच्याच लिपीत लिही. त्यांचा ‘व’ आणि ‘ब’ एकच ऐकू येतो, म्हणून मी सगळीकडे ‘ब’ लिहिलाय.

ही दोन वाक्यं बघ. ‘क्येरो ईर’, म्हणजे मला जायचंय. ‘क्येरो के बायास’, म्हणजे तू जावंस असं मला वाटतं. पहिल्यात इच्छा माझी आणि जाणारीही मीच, म्हणून साधं ‘ईर’, जाणं. दुसऱ्यात इच्छा माझी, जाणारी तू. मध्ये ‘के’ आला, आपल्या ‘असं’सारखा, आणि क्रियापदाचं रूप फिरलं. मराठीतसुद्धा नेमकं इथंच फिरतं. ‘मला तू जायचंय’ असं आपण कुणी म्हणत नाही. तिसरीतलं पोरही म्हणणार नाही.

आता ‘म्हणणं’ घे, कारण तुझ्या कामात याचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. ‘दीसे के ब्येनेस’ म्हणजे ती म्हणते की तू येतेयस. ‘दीसे के बेंगास’ म्हणजे ती म्हणते की तू यावंस. पहिली बातमी आहे, दुसरं बोलावणं. समज, गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये आलं, ‘एल इन्हेन्येरो दीसे के मांदान लास प्येसास’. याचा अर्थ, पार्ट पाठवले जातायत असं इंजिनिअर म्हणतात. आणि ‘मांदान’च्या जागी ‘मांदेन’ असेल तर? तर इंजिनिअर म्हणतात, पार्ट पाठवावेत. आ चा ए झाला आणि तुझ्या डोक्यावर एक डिस्पॅच येऊन बसला. हे अक्षर कधी घाईनं वाचू नकोस.

आपल्या भागातल्या माणसाला आणखी एक आधार आहे, तो पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला नाही. कानडी. बाजारात, बसमध्ये, कचेरीत रोज तुझ्या कानावर पडतंच, ‘मळि बरलि’, ‘छलो आगलि’. पाऊस येवो, चांगलं होवो. तो शेवटचा ‘लि’ काय करतो? मनातली गोष्ट घडू दे म्हणतो. आपल्याकडे बोलताना ‘येऊंदे’, ‘होऊंदे’ म्हणतात तेच. ‘निनगे गोत्तागलि अंत हेळतेनि’ हे कानडी वाक्य, ‘तुला कळावं म्हणून सांगते’ हे मराठी आणि ‘ते लो दीगो पारा के सेपास’ हे स्पॅनिश एकाखाली एक लिहून बघ. ‘गोत्तागलि’, ‘कळावं’, ‘सेपास’. ‘अंत’, ‘म्हणून’, ‘पारा के’. तिन्ही भाषा एकाच ठिकाणी वळतात. इतका चपखल नमुना मला यादी देणाऱ्या कुठल्याही वर्गात कुणी दाखवला नव्हता. मीसुद्धा इंग्रजीतनंच स्पॅनिश शिकले, यादी घोकली, परीक्षा पास झाले, आणि तरी बोलताना दर वाक्याला थांबून डोक्यात यादी चाळायची. ‘कळावं म्हणून’ पहिल्यांदा ध्यानात आलं त्या दिवशी यादी मिटली.

आता तुझी तीन वाक्यं.

पहिलं: ‘एस्पेरो के उस्तेद रेसीबे लास मुएस्त्रास’. सँपल तुम्हाला मिळोत, अशी आशा तुला कळवायची होती. ‘मिळतात’ आणि ‘मिळोत’ यांत फरक आहे ना? मग ‘रेसीबे’ नको, ‘रेसीबा’ हवं. ‘एस्पेरो के’ आलं की पुढं ‘मिळोत’, ‘होवो’, ‘येवो’ हेच सूर लागतात.

दुसरं: ‘क्येरो के उस्तेद मांदा एल प्लानो’. ड्रॉइंग पाठवावं असं म्हणायचंय, तेव्हा ‘मांदा’चं ‘मांदे’ कर. पण व्याकरण सुधारलं तरी वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडावर मारल्यासारखं वाटेल. आपणही मोठ्या माणसाला ‘तुम्ही ड्रॉइंग पाठवावं अशी माझी इच्छा आहे’ असं लिहीत नाही. त्यापेक्षा लिही, ‘ले आग्रादेसेरे के मे मांदे एल प्लानो’. ड्रॉइंग पाठवलंत तर आभारी राहीन, असा त्याचा भाव. ‘मांदे’ तसंच राहिलं, आर्जव वाढलं.

हा ‘मांदे’ शब्द तू फोनवरही ऐकशील. मेक्सिकन माणसाला तुझं बोलणं नीट ऐकू आलं नाही तर तो चढ्या सुरात एकच शब्द म्हणतो, ‘मांदे?’ ‘मांदार’ म्हणजे पाठवणं, तसंच आज्ञा करणंही. म्हणून इथं शब्दशः ‘आज्ञा करावी’. आपल्याकडे जुनी माणसं ‘काय आज्ञा?’ म्हणायची, त्या वळणाचं आदबशीर बोलणं आहे हे. पुष्कळ नवे लोक इथं गोंधळतात, त्यांना वाटतं समोरचा काहीतरी पाठवायला सांगतोय. तू फक्त आपलं वाक्य सावकाश परत सांग.

तिसरं: ‘क्वांदो रेसीबिरेमोस एल आंतिसीपो, एंपेसारेमोस’. ‘अ‍ॅडव्हान्स मिळेल तेव्हा सुरू करू’ याचं तू दोन्हीकडे भविष्यकाळ घालून भाषांतर केलंस. पण साहेबांना तू तोंडी काय सांगतेस? ‘अ‍ॅडव्हान्स मिळाला की सुरू करू.’ मिळाला! पैसे अजून आलेले नाहीत आणि तू चक्क भूतकाळ वापरतेस, कारण ‘की’च्या आधीची गोष्ट अजून व्हायची आहे हे मराठी बोलणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. स्पॅनिश त्याच जागी सुबहुंतीबो ठेवते: ‘क्वांदो रेसीबामोस एल आंतिसीपो, एंपेसारेमोस’. मनात ‘मिळाला की’, ‘पोचलीस की’, ‘झालं की’ असं आलं आणि गोष्ट पुढं व्हायची असली तर ‘क्वांदो’नंतर सुबहुंतीबो. मनात ‘मिळतो तेव्हा’ असं आलं, म्हणजे नेहमीची रीत सांगायची असली, तर साधं रूप: ‘क्वांदो रेसीबिमोस एल आंतिसीपो, एंपेसामोस’. अ‍ॅडव्हान्स मिळतो तेव्हा आम्ही काम सुरू करतो. ही कसोटी मला आजवर सहसा दगा देत नाही.

‘पोचलीस की’ लिहिलं आणि आजीची आठवण झाली.

माझी आजी निपाणीजवळच्या एका खेड्यातली. तंबाखूच्या वखारीत उमर गेली तिची. लुगड्याला, केसांना, हाताच्या रेषांना कायम तो उग्र वास. सहीपुरतंसुद्धा लिहिता येत नव्हतं. शिकायला पुण्याला निघाले तेव्हा तिनं उंबऱ्यात उभी करून तळहातावर दही घातलं आणि म्हणाली, ‘देव तुजं बरं करूंदे. सुखानं जा. पोचलीस की कागद धाड.’ तीन वाक्यं. गाडी सुटेपर्यंत स्टँडवर पदराचं टोक तोंडाशी धरून उभी होती, पण चौथं वाक्य काही बोलली नाही. पुढं कैक वर्षांनी एक मेक्सिकन बाई मुलाला फोनवर निरोप देताना मी ऐकली. तिचीही तीनच वाक्यं होती. ‘के द्योस ते बेंदीगा. के ते बाया ब्येन. आबीसामे क्वांदो येगेस.’ देव तुझं भलं करो. तुझं सगळं नीट होवो. पोचलास की कळव. तिन्ही वाक्यांत सुबहुंतीबो, आणि तिन्हींत माझी आजी. त्या दिवसानंतर मी हे रूप कुणालाही ‘अवघड’ म्हणून शिकवलं नाही.

नुसत्या ‘के’नं सुरू होणारी ही आशीर्वादाची वाक्यं तोंडात घोळव. आपल्या ‘लाभो’, ‘जावो’, ‘होवो’ची ती सख्खी भावंडं. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर आपण लिहितो, ‘आत्म्यास शांती लाभो’. स्पॅनिशमध्ये गेलेल्या माणसाचं नाव घेताना म्हणतात, ‘के एन पास देस्कान्से’. आणि ‘बीबा’ तर तुला माहीतच असणार. 15 सप्टेंबरच्या रात्री मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जात येऊन ‘बीबा मेहिको!’ अशी ललकारी देतात, 1810 साली स्वातंत्र्यलढ्याला तोंड फुटलं त्याची आठवण म्हणून. ‘बीबीर’ म्हणजे जगणं. ‘बीबे’ म्हणजे जगतो, ‘बीबा’ म्हणजे जगो, चिरंजीव होवो. खालचं मैदान ‘बीबा!’ म्हणून उत्तर देतं तेव्हा हजारो माणसं एका दमात सुबहुंतीबो बोलत असतात. (दुसऱ्या दिवशी, 16 तारखेला, त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते. त्या दिवशी मेलचं उत्तर आलं नाही म्हणून आठवण करू नकोस.)

आणि ‘ओहाला’. हा शब्द आला की पुढं सुबहुंतीबो ठरलेला. ‘ओहाला युएबा’, म्हणजे पाऊस पडू दे रे देवा. अरब स्पेनमध्ये 711 साली उतरले, त्यांचं शेवटचं राज्य 1492 साली संपलं. मधल्या शतकांत जे असंख्य अरबी शब्द स्पॅनिशमध्ये मुरले त्यांतला हा एक. मूळ अर्थ ‘अल्लाची इच्छा असेल तर’. आपल्या गल्लीत ऐकू येणाऱ्या ‘इन्शाल्ला’चा तो जवळचा नातेवाईक. मृग कोरडा चालला की गावात पहिलं वाक्य काय निघतं ते तुला सांगायला नको. तेच ‘ओहाला युएबा’ म्हणून पाठ कर.

रूपं करायची रीत फार सोपी आहे, तिच्यावर वेळ घालवू नकोस. ‘मी’चं वर्तमानकाळी रूप घे, शेवटचा ‘ओ’ काढ आणि स्वर उलटा लाव. मूळ क्रियापद ‘आर’नं संपत असेल तर ए, ‘एर’ किंवा ‘ईर’नं संपत असेल तर आ. ‘आब्लो’चं ‘आब्ले’, ‘कोमो’चं ‘कोमा’, ‘बीबो’चं ‘बीबा’. ‘मी’चं रूप वाकडं असेल तर तो वाकडेपणा पुढंही चालतो, आणि याचा फायदाच आहे: तेंगो-तेंगा, बेंगो-बेंगा, दीगो-दीगा, आगो-आगा, कोनोस्को-कोनोस्का. मग बेंगा, बेंगास, बेंगा, बेंगामोस, बेंगान. स्पेनमधलं ‘बेंगाइस’ पुस्तकात येईल. मेक्सिकोत ते वापरत नाहीत, परीक्षेसाठी ओळखता आलं तरी पुरे. ‘येगार’, ‘पागार’, ‘बुस्कार’ यांची स्पेलिंग बदलतात, कारण त्यांच्या लिपीत ए आला की ‘ग’चा आणि ‘क’चा उच्चार बिघडतो. देवनागरीत येगेस, पागे, बुस्के असं सरळ लिहिता येतं, म्हणून आधी उच्चार पक्का कर, स्पेलिंग मागून येईल. या रीतीत न बसणारी सहाच आहेत: सेआ, एस्ते, बाया, आया, सेपा, दे. ‘एस्ते’चा जोर शेवटच्या ‘ते’वर द्यायचा, नाहीतर त्याचा ‘हा’ असा अर्थ होतो. आणि शेवटचं ‘दे’ बघ, ‘देणं’ या क्रियापदाचंच रूप आहे. संस्कृतातला ‘दा’ आणि लॅटिनमधला ‘दारे’ एकाच मुळाचे, त्यामुळे हे नुसतं योगायोगाचं साम्य नाही.

आदरार्थी आज्ञाही याच रूपानं होते. ‘पासे’ म्हणजे आत यावं, ‘स्येंतेसे’ म्हणजे बसावं. आपण देवळाबाहेर ‘चपला बाहेर काढाव्यात’ लिहितो, लग्नपत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ म्हणतो, तेव्हा हुकूम न सोडता विध्यर्थाच्या आडून विनंती करतो. स्पॅनिश माणूस ‘उस्तेद’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणून बोलताना तेच करतो.

भावना सांगताना सुबहुंतीबो का लागतो, हे बहुतेकांना कोडं वाटतं, कारण तिथं गोष्ट तर खरीच घडलेली असते. ‘मे दुएले के मे त्रातेस आसी’. तू माझ्याशी असं वागतोस याचं मला दुःख होतं. वागतोय तर खरंच, मग मनातलं रूप कशाला? याचं उत्तर आपल्या भांडणांत आहे. रुसलेली बहीण म्हणते, ‘तू माझ्याशी असं वागावंस?’ आई म्हणते, ‘पोटच्या पोरानं असं बोलावं याचं वाईट वाटतं.’ पोरगा बोललाय, सगळ्या घरानं ऐकलंय, तरी आई ‘बोलला’ म्हणत नाही, ‘बोलावं’ म्हणते. तो काय बोलला ही बातमी तिला द्यायचीच नाहीये. त्या बोलण्यानं तिला काय झालं, ते सांगायचंय. मुख्य क्रियापदात राग, दुःख, आनंद, आश्चर्य असलं आणि ते दुसऱ्याच्या वागण्याबद्दल असलं की स्पॅनिशमध्ये पुढं हेच येतं.

आता जिथं मराठी तुला फसवेल ती ठिकाणं. ‘लागतं’च्या जोडीनं आलेलं ‘-आवं’ वेगळं. ‘मला जावं लागतं’ म्हणजे ‘तेंगो के ईर’, तिथं सुबहुंतीबो नाही. ‘मुलांनी लवकर उठावं’ असा नुसता उपदेश असेल तर ‘देबेन’ लावून साधं वाक्य करायचं. तुझं ‘क्लास सोडावा का?’ सुद्धा तिकडे ‘देहो ला क्लासे?’ असं साधंच होईल. सुबहुंतीबोला बहुतेक वेळा पुढं एखादं टेकू देणारं वाक्य किंवा शब्द लागतो: क्येरो के, पारा के, ओहाला, निदान एक ‘के’. दुसरं ठिकाण शंकेचं. ‘तो येईल असं वाटत नाही’ यात आपण भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिश मात्र ‘नो क्रेओ के बेंगा’ म्हणते. ‘वाटतं’ असेल तर ‘क्रेओ के ब्येने’, साधं. ‘नाही’ आलं की रूप बदललं. हे तेवढं लक्षात ठेवावंच लागेल, इथं मराठीची मदत नाही.

तिसरं ठिकाण फसवं नाही, उलट फायद्याचं आहे. ‘अंगण आहे ते घर शोधतेय’ आणि ‘अंगण असेल असं घर शोधतेय’. पहिल्यात घर ठाऊक आहे, फक्त गल्ली सापडत नाही. दुसऱ्यात घर मिळेल की नाही याचाच पत्ता नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘त्येने’, दुसऱ्याला ‘तेंगा’. आता समज, पुढं पाठवलेल्या मेलच्या तळाशी त्यांची आपसातली ओळ आहे: ‘बुस्कामोस उन प्रोबेएदोर के एंत्रेगे एन त्रेइंता दीआस’. 30 दिवसांत माल देईल असा पुरवठादार आम्ही शोधतोय. ‘एंत्रेगा’ नाही, ‘एंत्रेगे’. म्हणजे त्यांना तसा पुरवठादार अजून मिळालेला नाही. ती ओळ घेऊन सरळ साहेबांच्या टेबलाशी जा. इंग्रजी भाषांतरात हा ‘अजून मिळालेला नाही’ गळून पडायचा धोका असतो.

क्लास सोडू नकोस. सर वाईट शिकवत नाहीत, ते स्वतः ज्या रस्त्यानं आले तो दाखवतायत. पुढच्या तासाला त्यांना ‘तुला कळावं म्हणून’ आणि ‘पारा के सेपास’ ही जोडी दाखव, बघ काय म्हणतात ते. ‘जास्तच जड जाईल’ हे मात्र मनातनं काढून टाक. भावाला सांग, मराठीतनं विचार करणं सोडायचं नाही, इंग्रजीवरचा थांबा तेवढा सोडायचा. बी-एकच्या पातळीला वर्तमानकाळी सुबहुंतीबो येतोच, त्यामुळे तो टाळून परीक्षेला बसणं काही खरं नाही. ‘देले’ नावाची ही परीक्षा इन्स्तितूतो सेर्बांतेस ही स्पॅनिश संस्था घेते, त्या संस्थेचं केंद्र दिल्लीला आहे. तारखा त्यांच्याकडूनच बघून घे. ‘पाऊस पडला असता तर’ वगैरे संकेतार्थाची मोठी रूपं इतक्यात उघडू नकोस.

रोज येताजाता बसमध्ये एक काम कर. आजूबाजूच्या बोलण्यातलं एक ‘-आवं’, एक ‘-ओ’ किंवा ‘-ऊंदे’ आणि एक ‘-लं की’ पकडायचं आणि वहीत टिपायचं. कंडक्टरचं ‘पुढं सरकावं’, म्हातारीचं ‘सुटी नोट निघूंदे बाई’, कुणाचं फोनवर ‘देसूर आलं की उठीव’. कानडी ‘-लि’ सापडला तर तोही. मग घरी येऊन त्या तीनच वाक्यांचं स्पॅनिश करायचं. शब्द अडला तर शोध, पण क्रियापदाचं रूप आधी मनानं ठरव. पंधरा दिवसांनी सरांची यादी उघडून बघ. तिच्यातलं बहुतेक सगळं तुझ्या वहीत आधीच आलेलं असेल.

गिऱ्हाइकाचा मेल आज दुरुस्त करून पाठवायचा असेल तर तीन शब्द बदल: रेसीबा, मांदे, रेसीबामोस. दुसरं वाक्य ‘ले आग्रादेसेरे’नं सुरू कर. आणि शेवटी नावाच्या वर लिही, ‘के तेंगा ब्वेन दीआ’. आपला दिवस चांगला जावो.

तुझी,
ताई